घोड्यावर बसा, पण घाई नको!

मॅरेथॉन पळून झाली, सह्याद्रीतले ट्रेक्स झाले, सायकलवरून गोवाही गाठून झालं... आता पुढे काय? थोडं हटके काहीतरी हवं असेल, तर एन्ड्युरन्स रायडिंगचा विचार करायला हरकत नाही. मात्र या खेळात तुम्ही किती फिट आहात, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, तुमच्या खालचा घोडा किती फिट आहे?

'काय रे, घोड्यावर बसून आलायस का?' घाईत असलेल्या माणसाला आपल्याकडे हमखास विचारला जाणारा प्रश्न. ऑफिसमधल्या बॉसला तर तो रोज सकाळी विचारावासा वाटतो. मेल पाठवून पाच मिनिटं होत नाहीत, तोच 'झालं का?' म्हणत साहेब डेस्कपाशी हजर! घोडा म्हटलं की आपल्या डोक्यात वेगच येतो. त्यात आपला आणि घोड्याचा संबंध येतो तो माथेरानच्या लाल मातीत किंवा महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठी. घोडेवाला लगाम धरून पुढे, आपण वर खोगीर घट्ट पकडून. एक चक्कर, दोन फोटो, संपली हौस.

पण खरोखर घोड्यावर बसून अख्खा दिवस काढायचा असा एक खेळ आहे. आणि गंमत म्हणजे, तिथे सगळ्यात आधी शिकवलं जातं ते घाई न करायला.

अडीच मिनिटं विरुद्ध अख्खा दिवस

मुंबईत महालक्ष्मीला होणारी इंडियन डर्बी २४०० मीटरची असते. अडीच मिनिटांच्या आसपास खेळ खल्लास. एन्ड्युरन्स रायडिंगचं गणित याच्या बरोबर उलटं आहे. इथे अंतर ४० किलोमीटर, ८० किलोमीटर आणि सर्वात वरच्या पातळीवर एका दिवसात १६० किलोमीटर! रस्ता म्हणजे हिरवळीचा गोल ट्रॅक नव्हे. माळरान, जंगलवाट, चढउतार, ओढे, वाळू... जे वाटेत येईल ते.

वेळ मात्र भरपूर मिळते. अमेरिकेत हा खेळ चालवणारी मुख्य संस्था अमेरिकन एन्ड्युरन्स राइड कॉन्फरन्स. तिच्या नियमांनुसार २५ मैलांसाठी, म्हणजे साधारण ४० किलोमीटरसाठी, ६ तास असतात. ५० मैलांसाठी १२ तास आणि १०० मैलांसाठी २४ तास. वाटेतले सक्तीचे थांबे यातच धरलेले. म्हणजे नवशिक्याने भरधाव न सुटता, थोडं चालत आणि थोडं दुडक्या चालीने अंतर कापलं, तरी तो वेळेत पोहोचू शकतो. या संस्थेचं ब्रीदच आहे : राइड पूर्ण करणं म्हणजेच जिंकणं.

आता तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? घोडा चालणार, आपण बसणार! घोडं पेंड खातं ते इथेच.

स्टेथोस्कोप हाच बॉस

या खेळाचा खरा हीरो रायडर नाही आणि खरा बॉस घड्याळ नाही. बॉस आहेत ते प्राण्यांचे डॉक्टर, म्हणजे व्हेट. सगळं अंतर टप्प्याटप्प्यांत विभागलेलं असतं आणि प्रत्येक टप्प्यानंतर व्हेट गेट येतं. इथे घोडा तपासून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

विश्रांतीत असताना घोड्याचं हृदय मिनिटाला साधारण ३० ते ४० वेळा धडकतं. दुडकीत आणि दौडीत तोच आकडा १२० ते १५० वर सहज जातो. व्हेट गेटवर आल्यावर ठरावीक मिनिटांत नाडी ठरलेल्या आकड्याच्या आत उतरावी लागते. एफईआय या आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या स्पर्धांमध्ये हा आकडा सहसा ६४ असतो. आणि सगळ्यात भारी नियम पुढे आहे. तुम्ही गेटवर पोहोचलात म्हणून घड्याळ थांबत नाही. नाडी उतरली की मग तुमच्या सक्तीच्या विश्रांतीची वेळ सुरू होते.

याचा अर्थ लक्षात येतोय? समजा, तुम्ही शेवटचे दोन किलोमीटर घोडा पिटाळत आणलात आणि पाच मिनिटं वाचवलीत. पण त्याची नाडी उतरायला पंधरा मिनिटं लागली. म्हणजे दहा मिनिटांचा तोटा. तुमच्या मागून आलेला शहाणा रायडर शेवटच्या टप्प्यात खाली उतरला, लगाम हातात धरून घोड्याबरोबर चालत आला आणि त्याच्या घोड्याची नाडी दोन मिनिटांत खाली. तो तुमच्या आधी पुढे निघाला! अमेरिकेतल्या २५ ते ३५ मैलांच्या छोट्या राइडमध्ये तर फिनिश लाइन ओलांडली तरी तुमची वेळ संपत नाही. घोड्याची नाडी ६० वर आल्यावरच ती संपली असं मानतात.

नाडीनंतर बाकीची तपासणी. हिरडीवर बोट दाबून सोडलं की रंग लगेच परत येतो का? मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली की पटकन सपाट होते का? नाही झाली, तर अंगातलं पाणी कमी झालंय. पोटाला स्टेथोस्कोप लावून आतड्यांचे आवाज ऐकतात. कारण घोड्याचं पोट शांत असणं ही चांगली बातमी नसते. पाठीवर, तंगाच्या पट्ट्याखाली कुठे सूज किंवा घासल्याच्या खुणा आहेत का, तेही पाहतात. शेवटी घोड्याला सरळ रेषेत दुडकीने पळवून आणायचं. एक पाय जरी लंगडताना दिसला, तरी राइड तिथेच संपते. मग तुम्ही पहिल्या नंबरवर का असेना!

'पैज लावता का?'

या खेळाची आधुनिक सुरुवात झाली ती अशाच एका पैजेच्या भाषेतून. आजच्या काळातला घोडा एका दिवसात १०० मैल जाऊ शकतो का? कॅलिफोर्नियातल्या ऑबर्न गावच्या वेंडेल रोबी यांचं म्हणणं होतं, नक्की जाऊ शकतो. १९५५ साली त्यांनी आणि काही साथीदारांनी सिएरा नेवाडा पर्वत ओलांडून ते करून दाखवलं. तीच आजची टेव्हिस कप राइड. बक्षिसात पैसे नाहीत. २४ तासांत घोडा सुस्थितीत पोहोचवला, तर मिळतं पट्ट्याचं एक चांदीचं बक्कल. निघालेल्यांपैकी साधारण निम्मेच घोडे दर वर्षी राइड पूर्ण करतात. पहिल्या दहांत आलेल्या घोड्यांपैकी सर्वांत चांगल्या तब्येतीत असलेल्या घोड्यालाही एक वेगळा कप मिळतो. पहिला येणं मोठं, पण पोहोचल्यावरही ताजातवाना असणं त्याहून मोठं!

धावणाऱ्यांसाठी एक भन्नाट किस्सा. याच राइडमध्ये भाग घेणाऱ्या गॉर्डी एन्सली यांचा घोडा १९७३ मध्ये लंगडायला लागला. पुढच्या वर्षी, १९७४ मध्ये, पठ्ठ्या घोड्याशिवायच निघाला आणि तोच १०० मैलांचा रस्ता २३ तास ४२ मिनिटांत पळत पार केला! जगभरातल्या अल्ट्रा रनर्सना आज ठाऊक असलेली वेस्टर्न स्टेट्स ही शर्यत त्यातूनच जन्माला आली. तेव्हा तुमच्या ऑफिसातल्या अल्ट्रावाल्या मित्राला एकदा सांगून टाका, तुझ्या खेळाचा आजोबा घोडा आहे.

घाम त्याचा, हिशेब तुमचा

मॅरेथॉनमध्ये आपण दमलो की आपल्याला कळतं. तहान लागली की आपण पाणी पितो. घोड्याचं तसं नसतं. उन्हात काम करणाऱ्या घोड्याच्या अंगातून तासाला १० ते १५ लिटर घाम जाऊ शकतो. त्यातून मीठही भरपूर जातं. आपल्या घामात पाण्याच्या मानाने मीठ कमी असतं, म्हणून उरलेलं रक्त 'खारट' होतं आणि मेंदू तहानेची घंटा वाजवतो. घोड्याच्या घामात पाणी आणि मीठ दोन्ही सारख्याच जोमाने निघून जातात. त्यामुळे ही घंटा उशिरा वाजते किंवा वाजतच नाही. अंगात पाणी कमी असूनही घोडा पाण्याकडे पाठ फिरवून उभा राहतो. पुढे पोटदुखी, स्नायू आखडणं, उष्माघात... आणि वेळीच लक्ष गेलं नाही तर जिवावरही बेतू शकतं.

म्हणून अनुभवी रायडर दिसेल त्या पाणवठ्यावर थांबतात. क्षार देतात. मानेवर आणि पायांवर पाणी ओतून घोड्याला गार करतात. घोडा कळपातला प्राणी आहे. सोबतचा घोडा पुढे धावला की हाही दमलेला असताना त्याच्यामागे धावत सुटतो. 'माझा घोडा स्वतःच पळत होता' ही सबब इथे चालत नाही. ब्रेक लावायची जबाबदारी वरच्याची.

आणि जेव्हा ती पाळली जात नाही, तेव्हा काय होतं, हेही या खेळाने पाहिलंय. सपाट वाळवंटी ट्रॅकवर वेगाचं वेड वाढत गेलं, घोडे जखमी होऊ लागले आणि मार्च २०१५ मध्ये एफईआयने संयुक्त अरब अमिरातीच्या फेडरेशनला काही महिन्यांसाठी निलंबित केलं. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ट्रायन इथे जागतिक स्पर्धा सुरू होती. आधी चुकीच्या रस्त्यामुळे घोळ झाला, मग अंतर कमी करून पुन्हा सुरुवात झाली आणि शेवटी उष्ण, दमट हवेमुळे स्पर्धा मध्येच रद्द करावी लागली. वर्षानुवर्षं तयारी करून आलेले देशोदेशीचे रायडर पदकाशिवाय परतले. हळहळ वाटते खरी. पण घोड्याला 'मी आता थांबतो' म्हणता येत नाही. ते कुणीतरी त्याच्या वतीने म्हणावंच लागतं.

आपला घोडा कुठला?

जगभरात या खेळावर अरबी घोड्यांचं राज्य आहे. सडपातळ बांधा, पातळ कातडी, लांब पल्ल्याला साजेसे स्नायू. पण आपल्याकडेही माल कमी नाही. कान आत वळलेले, टोकं एकमेकांना भिडणारे मारवाडी आणि काठेवाडी घोडे कोरड्या, उष्ण मुलखातच तयार झाले. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेत असे घोडे एकदा जवळून बघाच. त्यांची रेवाल चाल पाहिली, तर 'कम्फर्ट राइड' हा शब्द फक्त कारवाल्यांचा नाही, हे पटेल.

आणि भीमथडी? 'जय जय महाराष्ट्र माझा' या आपल्या राज्यगीतात ज्या तट्टांचा उल्लेख आहे, ती भीमेच्या खोऱ्यातली काटक जात. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने आता तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. अंगाने लहान, खाण्याच्या बाबतीत नखरे नाहीत आणि डोंगरवाटेला पाय पक्का. मराठ्यांच्या घोडदळाची लांब लांब कूच अशाच घोड्यांच्या जिवावर चालायची. थोडक्यात, एन्ड्युरन्स ही कल्पना आपल्याला परकी नाही. फक्त आपण ती इतिहासाच्या पुस्तकात ठेवून दिली.

लहान घोड्याच्या बाबतीत एक हिशेब मात्र विसरू नका. रायडर आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांच्या वर जाऊ नये, असा ठोकताळा आहे. ३५० किलोच्या घोड्यासाठी सगळं मिळून ७० किलो. बघा, जिमला जायला आणखी एक कारण मिळालं!

सुरुवात कुठून करायची?

आधी मांड पक्की करा. मुंबई, पुणे, नाशिकच्या आसपास रायडिंग स्कूल्स आहेत आणि वीकेंडच्या बॅचेसही असतात. स्कूल निवडताना वेबसाइटवरचे फोटो पाहू नका, थेट तबेल्यात जा. घोड्यांपुढे पाणी आहे का? सावली आहे का? पाठीवर खोगिराच्या जखमा आहेत का? एक घोडा दिवसाला किती तास काम करतो, हे बिनधास्त विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर दुसरीकडे चला.

पहिले काही महिने रिंगणातच जातील. दुडकीच्या तालावर एका ठोक्याला उठायचं, दुसऱ्याला बसायचं. ऐकायला सोपं, पण पहिल्या दिवशी मांड्या बोंबलतात. लांब पल्ल्यात याच तंत्रामुळे घोड्याची पाठ वाचते. दर थोड्या वेळाने उठण्याचा ठोका बदलायचा, म्हणजे भार एकाच बाजूला पडत नाही. तोल सांभाळायला लगाम ओढत असाल, तर तुम्ही अजून बाहेरच्या रस्त्यासाठी तयार नाही, एवढं साधं आहे.

त्याच काळात खालची कामं शिका. खरारा करणं, खूर साफ करणं, तंग किती आवळायचा, चंदी किती आणि कधी द्यायची. तबेल्यातल्या मोतद्दार मामांशी दोस्ती करा. घोड्याने आज चंदी का सोडली, हे त्यांना नुसत्या नजरेने कळतं. आणि एक स्टेथोस्कोप विकत घ्या. डाव्या कोपराच्या मागे लावून १५ सेकंद मोजा, चारने गुणा. रोज मोजलंत की तुमच्या घोड्याची नॉर्मल नाडी पाठ होईल.

मग ट्रेनिंग. इथला फंडा आहे एलएसडी. दचकू नका, लाँग स्लो डिस्टन्स! लांब पण संथ. घोड्याची छाती आणि दम काही महिन्यांत तयार होतो. पायांतल्या शिरा आणि सांधे घट्ट व्हायला वर्षाच्या आसपास लागतं. हाडांना त्याहून जास्त. खरा धोका इथेच आहे. तीन महिन्यांत घोडा दमेनासा होतो, आपल्याला वाटतं झाला तयार आणि पाय मात्र अजून कच्चेच असतात. म्हणूनच अमेरिकन संस्था ५० मैल आणि पुढच्या राइडमध्ये पाच वर्षांखालचा घोडा उतरूच देत नाही. एफईआयच्या नवशिक्यांसाठीच्या पात्रता राइडमध्ये तर ताशी १६ किलोमीटरपेक्षा जास्त वेग चालत नाही. लवकर पोहोचलात म्हणून नापास! अशी परीक्षा कुठे पाहिलीय?

आपल्याकडच्या हवेत सराव पहाटेच उरकलेला बरा. डांबरी रस्ता टाळा, पायांना तो मारक. एप्रिल-मे मध्ये जोर नको, पावसाळ्यात निसरड्या खडकांवर दौड नको. थंडी हा खरा सीझन.

स्वप्नं बघायला काय हरकत आहे?

भारतात इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियाच्या खेळांत एन्ड्युरन्सचा समावेश आहे. आणि मोठं स्वप्न बघायचं असेल, तर निदा अंजुम चेलाट हे नाव लक्षात ठेवा. केरळच्या या मुलीने २०२३ मध्ये फ्रान्समध्ये झालेल्या यंग रायडर्सच्या जागतिक स्पर्धेत १२० किलोमीटर पूर्ण केले. ही कामगिरी करणारी ती पहिली भारतीय. २०२४ मध्ये फ्रान्समधल्याच मोंपाझिए इथे तिने सीनियर्सच्या जागतिक स्पर्धेत १६० किलोमीटरही पूर्ण केले. बातम्यांमध्ये तिचं नाव झळकलं, पण दोन्ही वेळा शेवटच्या व्हेट गेटमधून पास व्हायला लागला तो तिचा घोडाच.

खर्चाबद्दल स्पष्टच बोलूया. हा स्वस्त छंद नाही. स्वतःचा घोडा म्हणजे गवत, चंदी, नालबंद, व्हेट, मोतद्दाराचा पगार आणि तेही बारा महिने. ईएमआय संपतो, घोड्याची भूक संपत नाही. त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं स्कूलच्याच घोड्यावर काढा. तेही परवडत नसेल, तर एखाद्या रायडरच्या क्रूमध्ये सामील व्हा. पाण्याच्या बादल्या उचला, नाडी मोजा, घोडा फिरवा. या खेळातलं निम्मं शहाणपण खोगिराच्या खालीच मिळतं.

बॅग भरताना

• हेल्मेट रायडिंगचंच हवं. बाइकचं किंवा क्रिकेटचं नको.

• छोटी टाच असलेले बूट. सपाट तळव्याचा पाय रिकिबीतून आरपार जाऊ शकतो आणि पडल्यावर घोडा तुम्हाला फरफटत नेऊ शकतो.

• जीन्स घरी ठेवा. तिच्या शिवणी दोन तासांत मांड्या सोलून काढतील. रायडिंग टाइट्स उत्तम.

• स्टेथोस्कोप, स्पंज, पाण्याची बाटली. बाटली आधी घोड्यासाठी, मग तुमच्यासाठी.

• पहिलं टार्गेट : ४० किलोमीटर. नंबर कितवा आला, हे कुणी विचारणार नाही.

फक्त एक सवय लावून घ्या. पहिली राइड पूर्ण कराल, मित्र मोबाइल काढून उभे असतील, तेव्हा सेल्फीची घाई करू नका. आधी खाली उतरा. तंग सैल करा, त्याला पाणी दाखवा आणि स्टेथोस्कोप कानाला लावा. ठोके ६४ च्या आत आले, तो दोन पावलं दुडकत सरळ गेला आणि परत येऊन तुमच्या खिशातलं गाजर शोधायला लागला, की मग काढा फोटो. त्याचाही, तुमचाही.